निर्वासित स्त्रियांसाठीचा नेतृत्ववर्ग: आमचे नेमके कुठे चुकते आहे?

मृण्मयी (कोलंबस, ओहायो)

नमस्कार. मी चार वर्षांपासून कोलंबसमध्ये राहते. पतीच्या ग्रीन कार्डासाठीचा आय-140 अर्ज अजून मंजूर न झाल्यामुळे एच-4 (एच-1बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) व्हिसावर मला नोकरी करता येत नाही, म्हणून दर शनिवारी मी येथील एका स्वयंसेवी संस्थेत विनामूल्य काम करते. या शहरात आणि आसपास भूतानमधून 1990 च्या सुमारास हाकलल्या गेलेल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांची मोठी वस्ती आहे. पूर्व नेपाळातील झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या शिबिरांत पंधरा-वीस वर्षे काढल्यावर 2008 पासून त्यांतले एक लाखाहून अधिक लोक आठ देशांत गेले आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत आले.

संस्थेने स्थलांतरित आणि निर्वासित स्त्रियांसाठी बारा आठवड्यांचा नेतृत्वविकास वर्ग सुरू केला असून नेपाळी गट माझ्याकडे दिला आहे, कारण मला हिंदीच्या आधाराने नेपाळी बरीच समजते आणि लिपी तर आपलीच आहे. पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘नेतृत्व’ हा शब्द लिहिला. तो नेपाळीतही तसाच आहे, त्यामुळे ओळख सोपी होईल असे मला वाटले होते. अठरा जणींपैकी सात-आठ जणींनी तो वाचला. बाकीच्या मान खाली घालून मांडीवरच्या पिशव्यांचे बंद सारखे करू लागल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नाही हे माझ्या लक्षात आले. दुसऱ्या शनिवारी नऊ जणी आल्या, तिसऱ्या शनिवारी पाच. अभ्यासक्रमात आत्मविश्वास, ध्येयनिश्चिती आणि सभेत बोलण्याची कला असे विषय आहेत. बायकांना रस नाही, असे संस्थेचे म्हणणे आहे. ते मला पटत नाही, कारण त्या पाचांपैकी एक जण गोदामातली रात्रपाळी संपवून, घरी न जाता थेट वर्गाला येते. अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)

मृण्मयीताई, अमेरिकेत येण्यापूर्वी मी सांगली जिल्ह्यात माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांसाठी सात वर्षे सहयोगिनी, म्हणजे गावोगावच्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती, म्हणून काम केले, त्या अनुभवावर लिहिते. आम्ही कोणत्याही गावात नेतृत्व शिकवायला गेलो नाही. आम्ही बायकांना एकत्र बसवून महिन्याला किती रुपये टाकायचे, हप्ता चुकला तर दंड किती आणि पहिले कर्ज कोणाला द्यायचे, हे त्यांनाच ठरवायला लावत असू. कर्जाच्या अर्जावर चर्चा सुरू झाली की कोण कोणाचे ऐकते, कोण अडचणीतल्या बाईची बाजू घेते आणि कोण हिशेबात चोख आहे, हे अर्ध्या तासात दिसत असे. आमच्या एका गटातल्या मावशींना सही करता येत नव्हती, पण वीस जणींची येणी-देणी त्यांना तोंडपाठ असत आणि बँकेत जायची वेळ आली की सगळ्याजणी त्यांनाच पुढे करत.

नेपाळी लोकांत आपल्या भिशीसारखी ढुकुटी चालते. तुमच्या गटातल्या किती जणी ती चालवतात, हे आधी विचारा. शिबिरांत त्या काय करत होत्या, हेही विचारा. तेथे निर्वासित स्त्रियांची स्वतःची संघटना होती, ती छोटी कर्जे देत असे, आणि शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या समित्यांवरही स्त्रिया होत्या. ज्यांनी हे केले आहे त्यांना आत्मविश्वासाचे धडे दिले तर त्या पुन्हा कशाला येतील? मला याचे फार वाईट वाटते, कारण निर्वासित म्हटले की समोरची बाई कोरी पाटी आहे असे आपण चांगल्या हेतूनेच धरून चालतो.

एक सावधगिरी बाळगा. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईकडे, म्हणजे येथे तुमच्याकडे, सगळे निर्णय आपोआप येऊन पडतात. वही त्यांच्यापैकी कोणाकडे तरी राहू द्या.

स्प्रेकाठची (बर्लिन)

आमच्या शेजारच्या नॉयकोल्न भागात 2004 पासून ‘श्टाटटाइलम्युटर’, म्हणजे ‘वस्तीतल्या आया’, हा उपक्रम चालू आहे. तुर्की, अरबी आणि इतर भाषा बोलणाऱ्या स्थलांतरित आयांना सुमारे सहा महिने प्रशिक्षण देतात आणि मग त्या आपल्याच भाषेच्या कुटुंबांत जाऊन बालवाडी, मुलांचे आरोग्य, भाषाशिक्षण यांविषयी माहिती देतात. त्यांच्या गळ्यातला लाल स्कार्फ वस्तीत सगळ्यांना ओळखू येतो. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की या कामाचे पैसे मिळतात. घरकाम आणि कामाच्या पाळ्या सांभाळणाऱ्या बाईकडून फुकट वेळ मागायचा आणि त्याला सक्षमीकरण म्हणायचे, हे मला कधीच योग्य वाटलेले नाही.

दुभाषी_पिट्सबर्ग

मी रुग्णालयात हिंदी-मराठीची दुभाषी आहे. एकदा एका आईचे मासिक पाळीचे दुखणे तिचा अकरा वर्षांचा मुलगा डॉक्टरांना सांगत होता आणि दोघेही जमिनीकडे पाहत होते. 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा विभाग आणि 2010 च्या आरोग्य कायद्याचे कलम 1557 यांनुसार सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला दुभाषी मोफत द्यावा लागतो, आणि तातडीचा प्रसंग सोडल्यास अल्पवयीन मुलाकडून ते काम करून घेता येत नाही. तुमच्या वर्गात एक शनिवार केवळ ‘मला नेपाळी दुभाषी हवा’ हे एक वाक्य इंग्रजीत ठामपणे म्हणण्यासाठी ठेवा. सराव करताना तुम्ही स्वागतकक्षातली कर्मचारी व्हा आणि दोनदा नकार द्या.

मृण्मयी (कोलंबस, ओहायो)

सर्वांचे मनापासून आभार. काल मी फळा बाजूला ठेवून नुसते विचारले. तीन जणी ढुकुटीत आहेत. रात्रपाळी करणारी ती बाई बेलडांगीच्या शिबिरात शिधावाटपाच्या रांगेवर देखरेख करत असे. तिने सांगितले की शनिवारी सकाळी बहुतेकींची कामाची पाळी असते आणि ज्यांची नसते त्यांना नातवंडे सांभाळावी लागतात. वर्ग रविवारी दुपारी, मुलांसह, तिच्या इमारतीतल्या सामायिक खोलीत घ्यावा, असे तिने सुचवले. हे तीन आठवड्यांत आम्ही कोणीच विचारले नव्हते.

वर्गासाठी मानधनाची छोटी रक्कम मंजूर आहे. व्हिसामुळे मला ती घेता येत नाही. निर्वासित म्हणून आलेल्यांना मात्र पहिल्या दिवसापासून काम करण्याची मुभा असते आणि यांतल्या बऱ्याच जणी आता नागरिकही झाल्या आहेत. ती रक्कम त्यांच्यातल्या दोघींना द्यावी आणि वर्ग त्यांनीच चालवावा, असे पत्र मी आज संस्थेला लिहिले आहे. त्या दोघी कोण, हे रविवारी गट ठरवील.