प्रतिसाद: १२ तास आणि बायकांची सेकंड शिफ्ट

कारखान्यांत रोजच्या कामाची मर्यादा १२ तासांवर नेण्याच्या बातमीवर 'आता रोज १२ तास राबवणार' ही भीती वर दोघांनी मांडली आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर १२-१२ तासांच्या दोन पाळ्या किती वर्षांपासून चालू आहेत, ते एकदा बघा. खरी मेख ओव्हरटाइमच्या मर्यादेत आहे. सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीत ती तिमाहीला ११५ वरून १४४ तास केली. तिमाहीत आठवडे १३, म्हणजे आठवड्याला जेमतेम ११ तास. सहा दिवस रोज १२ भरले तर ७२ होतात, आठवड्याचे नेहमीचे ४८ वजा करता ओव्हरटाइमचे २४ उरतात. हे बसतच नाही. शिवाय पिकावर (म्हणजे विणलेल्या धाग्यांच्या मोजणीवर, कामाच्या नगाप्रमाणे) मजुरी असली तरी दुप्पट दर चुकत नाही: जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मागच्या महिन्यातल्या पूर्ण दिवसांची सरासरी कमाई हाच दर धरायचा. समजा ९ तासांचे ६३० पडतात, तर ओव्हरटाइमचा तास १४० चा. पगारपत्रकात हा रकाना कुठे दिसतो का, बघा. लहान शेडचं तर विचारूच नका. विजेवर चालणाऱ्या कारखान्याला पूर्वी १० कामगारांची अट होती, नव्या केंद्रीय श्रम संहितेत ती २० झाली.

बायकांच्या रात्रपाळीबद्दल एकच. नियम संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ आधी लागतो. म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतली ३ ते ११ची सेकंड शिफ्टसुद्धा त्यात येते. संमती आणि सुरक्षेची सोय तिथेही हवी, फक्त थर्ड शिफ्टला नव्हे.