जुन्या मल्टिमीटरचे व्यावसायिक कॅलिब्रेशन हौशी माणसाला आवश्यक आहे का?

प्रश्न: माझा जुना डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, विद्युतप्रवाह, रोध मोजणारे उपकरण) आणि नवा मीटर ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर ०.०२ व्होल्टच्या फरकाने वाचतात. जुना मीटर कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे अचूक मापाशी ताडून जुळवून घेण्यासाठी, प्रयोगशाळेत पाठवावा का?

उत्तर १: दोन्ही मीटरची नमूद अचूकता ०.५ टक्के असेल, तर प्रत्येकाला ५ व्होल्टवर ०.०२५ व्होल्ट इकडेतिकडे होण्याची मुभा आहे, म्हणजे दोन्ही बरोबर असू शकतात. शिवाय ५ व्होल्टच्या बहुतेक लॉजिक सर्किटांना ५ टक्क्यांपर्यंतचा चढउतार चालतो.

उत्तर २: सहमत आहे, पण आधी बॅटरी बदला, कारण ती उतरली की अनेक मीटर खऱ्यापेक्षा जास्त वाचन दाखवतात आणि दोष विनाकारण कॅलिब्रेशनला दिला जातो. त्यानंतर ०.१ टक्का अचूकतेची व्होल्टेज रेफरन्स आयसी (ठरावीक व्होल्टेज देणारी चिप) आणि तितक्याच अचूकतेचे काही रेझिस्टर घेऊन डीसी व्होल्टेज व रोधाच्या श्रेणी तपासाव्यात. एसी आणि विद्युतप्रवाहाच्या श्रेणींची खात्री मात्र यातून होत नाही. आतील ट्रिमर (वाचन जुळवण्याचे छोटे स्क्रू) कृपया फिरवू नका, कारण अधिक अचूक संदर्भ हाती नसताना केलेली दुरुस्ती मूळ जुळणीच बिघडवते.

उत्तर ३: एक अपवाद नोंदवतो. साडेपाच अंकी बेंच मीटर (टेबलावर ठेवायचा, जास्त अंक दाखवणारा सूक्ष्म मीटर) असेल किंवा मोजमापाचा दाखला इतरांना द्यायचा असेल, तर प्रयोगशाळेचा खर्च योग्यच आहे. घरगुती वीजपुरवठा मोजणाऱ्यांनी मात्र अचूकतेआधी प्रोबच्या तारांचे इन्सुलेशन तपासावे आणि मूळ मानांकनाचाच फ्यूज बसवलेला आहे याची खात्री करावी, कारण कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र या सुरक्षिततेची हमी देत नाही.