कुपवाडला जुनं सीएनसी टर्निंग मशीन (कॉम्प्युटर कंट्रोलचं लेथ) घ्यायचंय, बघायला जाताना काय तपासावं?

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी): शिरोलीत २०१२ चं दोन ॲक्सिसचं, ८ इंची चकचं (चक म्हणजे जॉबची पकड), फानुक कंट्रोलचं मशीन मिळतंय. रंग नुकताच मारलाय. आमचं काम ईएन ८ (मध्यम कार्बन स्टील) चे बुश, व्यास ६०, टॉलरन्स ०.०२ मिमी. शनिवारी बघायला जायचंय. सोबत काय न्यावं, कुठं बघावं?

फिटर, मिरज: दादा, आधी फोन करून सांगा की आम्ही यायच्या आत मशीन चालू करू नका. बेअरिंगचा आवाज, हायड्रॉलिकचं प्रेशर, सुरुवातीचे अलार्म, सगळं थंड असतानाच कळतं. एक मायक्रॉन (०.००१ मिमी) दाखवणारा लिव्हर डायल, मॅग्नेटिक स्टँड, मायक्रोमीटर, टॉर्च आणि स्वतःचा ईएन ८ चा ५० व्यासाचा बार न्या.

मशीनवर आजवर कोणता जॉब चालला ते विचारा. आपल्या पट्ट्यात बरीचशी मशीनं कास्टिंगवर चाललेली असतात. बिडाची पूड कूलंटमध्ये मिसळून चिखल होतो, तो वायपरखाली (पुसणारी पट्टी) शिरतो आणि गाईड (सरकायच्या पट्ट्या) नि बॉलस्क्रू (ॲक्सिस हलवणारा स्क्रू) घासून काढतो. टेलिस्कोपिक कव्हर सरकवायला लावा आणि गाईडवरून बोट फिरवा. तेलाचा पातळ थर लागला तर ठीक. बोट कोरडं राहिलं किंवा काळी खरखरीत पेस्ट लागली, तर लुब्रिकेशनची लाइन तुंबलीय. रंगाकडे बघूच नका.

मग बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी चाल. टरेटवर (टूल धरणारं फिरतं डोकं) डायल टेकवा, हँडव्हीलनं एका दिशेला थोडं नेऊन शून्य करा, ०.१ पुढं, ०.१ मागं. काटा शून्यापासून जेवढा लांब राहिला तो फरक. झेडवर (लांबीची चाल) हे तीन जागी करा: चकजवळ, मधे, शेवटी. आखूड जॉब चाललेला असेल तर स्क्रू चकजवळच झिजलेला असतो. एक्सचा (आडव्या चालीचा) आकडा व्यासात असतो, म्हणजे ०.१ दिल्यावर डायल ०.०५ च दाखवणार, त्यात घोळ करू नका.

प्रश्नकर्ता: बॅकलॅश पॅरामीटरमध्ये (कंट्रोलच्या सेटिंगमध्ये) भरून लपवता येतो ना?

फिटर, मिरज: येतो. म्हणून पॅरामीटर १८५१ (बॅकलॅशची भरपाई इथं भरतात) उघडून बघा, नुसतं बघायला राइट (बदलायची परवानगी) चालू करावं लागत नाही. आकडा साधारण मायक्रॉनमध्ये असतो. डायलवरचा फरक आणि हा आकडा मिळून जे येईल तो खरा बॅकलॅश. तिथं ४०-५० भरलेलं असेल तर बॉलस्क्रू किंवा त्याच्या बेअरिंगचा खर्च धरूनच भाव बोला. भरपाईनं स्क्रूतली ढिलाई जात नाही, कट घेताना टूल मागं-पुढं होतंच.

स्पिंडलसाठी (चक फिरवणारा दांडा) चक उतरवून नोजच्या (चक बसतो ते टोक) टेपरला डायल लावणं सगळ्यात चांगलं. मालक नाही म्हणाला तर चकमध्ये बार धरा, डायल बारवर नको, चकच्या बॉडीवर ठेवा, आणि लाकडी दांड्यानं बार वर उचला. काटा १० मायक्रॉनपेक्षा जास्त हलला किंवा सोडल्यावर शून्यावर आला नाही, तर बेअरिंग गेलंय. नंतर आरपीएम टप्प्याटप्प्यानं वाढवत अर्धा तास चालवा आणि पुढच्या बेअरिंग हाउसिंगवर हात ठेवा. चटका बसायला नको.

शेवटी बार १०० मिमी बाहेर ठेवून, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा टेकू) न लावता ०.२ चा फिनिश कट घ्या. दोन्ही टोकांचा फरक ०.०१ च्या आत हवा. जास्त आला तर लगेच नाकारू नका, आधी लेव्हल बघा. लेव्हल बरोबर असूनही टेपर (टोकांमधला फरक) येत असेल तर धडक बसून हेडस्टॉक (स्पिंडलचं घर) सरकल्याची शंका घ्या. टरेटलाही तीच परीक्षा: डायल चकवर बांधून बोरिंग होल्डरच्या भोकात हातानं फिरवा, टरेटचं सेंटर स्पिंडलशी जुळतं का ते कळेल. इंडेक्सिंग (टूल बदलायला टरेट फिरवणं) किमान ३०-४० वेळा करा.

इलेक्ट्रिकल, पलूस: कंट्रोलची मेमरी बॅटरीवर असते. मशीन बरेच दिवस बंद असेल आणि बॅटरी संपली असेल तर पॅरामीटर उडतात. पैसे देण्याआधी पॅरामीटर आणि लॅडर (मशीनचं स्विचिंग लॉजिक) यांचा बॅकअप कार्डावर घ्या, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग मागा, अलार्म हिस्टरीचे फोटो काढा. बॅटरी बदलायची ती कंट्रोल चालू ठेवूनच.

जॉबवर्क, सातारा: कागदांत प्लेटवरचा सिरीयल नंबर मूळ बिलाशी जुळवा. बँकेचं हायपोथिकेशन (कर्जाचं तारण) असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. आणि हायड्रा (क्रेन) लावण्याआधी टरेट नि टेलस्टॉकला वाहतुकीचे ब्रॅकेट बसवून घ्या.