सोलला आवाजाच्या सर्जरीला जातेय, तयारी काय काय करू?

नाशिकची_मुग्धा

नमस्कार. खूप दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मी ट्रान्स बाई, वय २९, मूळची नाशिकची, पुण्यात एका कंपनीत बॅकऑफिसला आहे. हॉर्मोन्स चालू होऊन बरीच वर्षं झाली, बाकी सगळं मार्गी लागलंय, अडतं ते फोनवर. समोरासमोर कोणी काही म्हणत नाही पण फोन उचलला की "हां बोला दादा". कुरिअरवाल्याला मी "थांबा, खाली येते" म्हणते तरी तो "या सर". बँकेचा तर कहर, त्यांना वाटतं बायकोच्या अकाउंटवर नवराच बोलतोय, "मॅडमना फोन द्या" म्हणतात. व्हॉइस ट्रेनिंग केलंय, शांत असले की छान जमतं, पण दमले, चिडले, सर्दी झाली की आवाज घसरलाच. शिंकेचं तर विचारूच नका.

तर डिसेंबरची तारीख मिळालीय, व्होकल कॉर्डला (घशातल्या स्वरतंतूंना) पुढून टाके घालून आखूड करतात ती सर्जरी. क्लिनिकशी ईमेलवर बोलणं झालंय, पैशांचं दहा लाखांच्या आत बसवतेय. आता डोक्यात नुसता गोंधळ आहे, टुरिस्ट व्हिसा काढू का मेडिकल, एकटी जाऊ का आईला नेऊ, नंतर बोलायचं नाही म्हणतात ते दिवस परक्या देशात कसे काढायचे, ऑफिसात काय सांगायचं. घरी आईला सगळं माहितीये, बाबांना अर्धवट, आणि आजीला काहीच नाही, तिचा रोज रात्री फोन असतो. शिवाय मी मासे-मटण खात नाही. जाऊन आलेल्या कोणी असतील तर प्लीज सांगा.

कट्ट्यावरचा

परदेशात कशाला? आवाजाच्या सर्जरी करणारे ईएनटी मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. उद्या काही झालं तर रिक्षाने जाशील, सोलला काय रिक्षाने जाणार? निम्मे पैसे विमानातच घालवायचे.

रेवा_ठाणे

@कट्ट्यावरचा मुद्दा बरोबर आहे, मी स्वतः मुंबईत दोन ठिकाणी दाखवलं होतं आणि इथे करून खूश असलेल्या मुली माहितीतल्या आहेत. पण जो डॉक्टर हेच ऑपरेशन सतत करतो त्याचा हात वेगळा असतो, आणि सोलच्या येसॉन व्हॉइस सेंटरसारख्या ठिकाणी तर फक्त आवाजाचंच काम चालतं. तिची तारीख ठरलीये, आता तिला घाबरवू नका.

मुग्धा, मी सोललाच करून आलेय. सर्जरीचं टेन्शन घेऊ नकोस असं नाही म्हणणार, पण खरं सांगू का, सर्जरीत तू झोपलेली असतेस. तोंडातून करतात, गळ्यावर व्रण नाही. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर आहे आणि ते सगळं तुझ्याकडे आहे.

आधी कागद. व्हिसा मेडिकलच काढ. सी-३-३ म्हणतात, तीन महिन्यांच्या आतल्या उपचारांसाठी असतो तो. क्लिनिककडून पत्र मागव, बँक स्टेटमेंट, आयटीआर लागतात. आणि नाव, नाव, नाव!! पासपोर्टवर जे नाव आणि जेंडर तेच तिकिटावर, तेच व्हिसावर, तेच क्लिनिकच्या बुकिंगवर. तुझा पासपोर्ट अजून जुन्या नावाचा असेल आणि बदलायचा विचार असेल तर एकतर आत्ता या आठवड्यात लाग किंवा परत आल्यावर कर, मधेच हात घालू नकोस, मग ना हा पासपोर्ट ना तो.

पैसे बँकेतून पाठवताना कारण मेडिकल असंच लिही, टुरिझम नको. वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) लागत नाही, पण त्याच्या वर गेलीस तर कुठलं कारण टाकलंय त्याने फरक पडतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढ, पण त्यात ठरवून केलेली सर्जरी कव्हर होत नाही हे लक्षात ठेव, बॅग हरवली, पाय मुरगळला एवढ्यापुरताच तो.

तिकीट बदलता येणारंच घे, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. कारण सर्दी-खोकला असेल तर सर्जरी पुढे ढकलतात, आणि डिसेंबरात पुण्यातून जाऊन सोलच्या थंडीत उतरायचं म्हणजे सर्दी ठरलेलीच. निघायच्या आधी महिनाभर लग्नकार्यं, गर्दी, आइस्क्रीम सगळं बंद.

आईला ने. एकटीने होतं, पण पहिली रात्र कोणीतरी पाहिजे.

वाचा_आणि_वाणी

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आवाजावर काम करते. तुमची केस मी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा, पण थोडं सविस्तर लिहिते कारण या सर्जरीबद्दल अपेक्षांचा फार घोळ असतो.

वयात येताना टेस्टोस्टेरॉनने व्होकल कॉर्ड जाड आणि लांब होतात, आणि नंतर कितीही इस्ट्रोजेन घेतलं तरी त्या परत बारीक होत नाहीत. साधारण पुरुषी बोलणं १०० ते १३० हर्ट्झच्या (सेकंदाला इतके कंप) आसपास असतं, बायकांचं १८० ते २२०. सतारीची तार पडद्यावर दाबली की कंप पावणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो, तेच इथे करतात. कॉर्डच्या पुढच्या भागावरचं अस्तर काढून दोन्ही बाजू एकमेकींना शिवतात, मागचा भाग तेवढा कंप पावतो. बर्लिनच्या वेंडलर यांनी १९९० च्या सुमारास ही पद्धत मांडली, कोरियात करतात ती त्याच वाटेवरची. त्याआधीची जपानच्या इशिकी यांची पद्धत वेगळी, त्यात गळ्याला बाहेरून चीर देऊन कूर्चा जवळ आणून कॉर्ड ताणतात, पण तो ताण काळाने सैल पडू शकतो म्हणून हल्ली मागे पडलीय.

आता महत्त्वाचं. सर्जरीने पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, वाढतो, बाकी काही नाही. आवाज घशात घुमतो का तोंडात पुढे येतो, शब्दांवर जोर कसा देता, वाक्याच्या शेवटी सूर कुठे नेता, हे सगळं जसंच्या तसं राहतं. म्हणजे तुम्ही जे ट्रेनिंग केलंय ते वाया गेलेलं नाही, उलट तेच नंतर कामाला येणार. फायदा कुठे होतो तर दमल्यावर, खोकताना, हसताना, झोपेतून उठल्यावर, जिथे तुमचं लक्ष नसतं तिथे तळच वर सरकलेला असतो. तुम्ही शिंकेचं लिहिलंत ते अगदी नेमकं आहे.

बदल्यात काय जातं तेही ऐका. खालचे सूर जातात. आवाजाची ताकद कमी होते, लांबून हाक मारणं, गर्दीत ओरडणं अवघड होतं, काहींचं कायमचं. सुरुवातीचे आठवडे घोगरा, हवा निसटल्यासारखा आवाज येतो आणि बहुतेक जणी तेव्हाच रडत फोन करतात. स्थिर व्हायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. जोरात खोकला, खाकरणं, ओरडणं यांनी टाके सैल झाले तर पिच परत उतरतो. त्यामुळे ॲसिडिटी असेल तर आत्ताच तिच्यावर उपचार घ्या, आम्ल घशापर्यंत येतं आणि माणूस दिवसभर खाकरत बसतो. रात्री उशिराचं जेवण आणि मिसळ दोन्ही बंद (नाशिककरांना हे सांगताना वाईट वाटतंय). सिगरेट असेल तर आजपासून नाही.

आणखी दोन गोष्टी. जाण्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा, एकच उतारा आणि एक मिनिट साध्या गप्पा, नंतर दर महिन्याला तोच उतारा. आणि परत आल्यावर ज्यांच्याकडे थेरपी घेणार त्यांची अपॉइंटमेंट जायच्या आधीच घेऊन ठेवा, सर्जनने बोलायची परवानगी दिली की लगेच सुरू करता येईल. तिकडून स्ट्रोबोस्कोपीचा (कॉर्ड कंप पावताना कॅमेऱ्याने बघतात ती तपासणी) व्हिडिओ आणि ऑपरेशन नोट मागून आणा, इथल्या ईएनटीला त्याशिवाय काही कळणार नाही.

हॉर्मोन्स सर्जरीआधी थांबवायचे की नाही हे रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्यामुळे विचारलं जातं. स्वतःच्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोन्सचे डॉक्टर) आणि भूलतज्ज्ञ दोघांना विचारा.

रेवा_ठाणे

+१ सगळ्याला. एक ॲड करते, हे मला तिकडे सांगितलं. सर्जरीनंतर आपली घशातली, कॉर्डमधली जागा पुढून अरुंद झालेली असते, त्यामुळे पुढे आयुष्यात कधीही पूर्ण भूल द्यायची वेळ आली, अपेंडिक्स असो काही असो, तर श्वासाची नळी लहान साइजची घालायला सांगायचं. मी एक छोटं कार्ड लॅमिनेट करून पर्समध्ये आधारकार्डाच्या मागे ठेवलंय. आणि शुद्धीवर आल्यावर जीभ बधिर वाटेल, चव थोडे दिवस विचित्र लागेल, घाबरू नकोस. एखादा दात हलत असेल किंवा कॅप असेल तर आधी सांग, तोंडात धातूची नळी घालतात.

सोलकढी

आयडी बघून हसू नका, मी मालवणची, इथे सोलमध्ये कामाला आहे, सर्जरीबिर्जरी काही माहीत नाही पण राहण्याखाण्याचं सांगते.

डिसेंबरात पारा शून्याच्या खाली. बाहेरची थंडी सोसते गं, आतली हवा मारते. इथे जमिनीखालून घरं गरम करतात, खोली इतकी कोरडी होते की आमच्यासारख्यांचा धडधाकट घसाही सकाळी चिकटलेला असतो. रूम घेताना ह्युमिडिफायर आहे का विचार, बऱ्याच ठिकाणी मागितला की देतात. नसेल तर ओला टॉवेल खुर्चीवर टाकून झोप. मास्क बाहेर पण लाव.

विमानतळावरून गंगनम भागात यायला लिमोझिन बस बरी, सामान घेऊन मेट्रो बदलत बसू नकोस. चालायचे रस्ते शोधायला इथे सगळे नेव्हर मॅपच वापरतात, ते आणि भाषांतराला पापागो घरूनच टाकून ये. बोलता येणार नाही ना, तर कोरियनमध्ये कार्डं करून ठेव, "घशाची शस्त्रक्रिया झाली आहे, बोलता येत नाही, कृपया लिहून सांगा", फार्मसीला वेगळं, टॅक्सीला हॉटेलच्या पत्त्याचं वेगळं. लोक खूप मदत करतात एकदा कळलं की. इमिग्रेशनला परत जाताना पण तेच कार्ड आणि डॉक्टरचं पत्र हातात ठेव. ॲम्ब्युलन्स ११९, हे आईला पाठ करायला सांग.

आता खाणं. मासे नाहीत म्हणालीस, इथे साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या मासळीचं पाणी असतं, किमचीतसुद्धा. आपल्या पेजेसारखी तांदळाची पेज मिळते, जुक म्हणतात, भोपळ्याची नाहीतर भाजीची मागव, पण पाणी कशाचं आहे ते विचारून. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक दुकानात तयार भाताचे डबे मिळतात, हेतबान, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा, त्यावर मेतकूट, झालं जेवण. मेतकूट सीलबंद पाकिटातलं आण. फळं, बिया, मांसाचं काही आणू नकोस, कस्टमवाले काढून घेतात. आणि झोपेच्या किंवा अँग्झायटीच्या गोळ्या चालू असतील तर आधी चौकशी कर, त्यातल्या काहींना इथे परवानगी काढूनच आणावं लागतं, नुसतं प्रिस्क्रिप्शन पुरत नाही.

भैरवी_थाट

थोडं उलट लिहितेय, राग मानू नकोस. मीपण ट्रान्स, सर्जरी नाही केली, करणारही नाही. मी गाते, आणि माझे मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, सूर मला सोडायचे नाहीत. फोनवर अजूनही कधीकधी दादा म्हणतात, म्हणू देत. तू गात नसशील तर प्रश्नच नाही, पण गात असशील तर आत्ता विचार कर, तिकिटावर पैसे गेले म्हणून नको.

नाशिकची_मुग्धा

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, प्रिंट काढून आईला देतेय. @भैरवी_थाट राग कसला, बरं झालं लिहिलंस. गाणं म्हणशील तर गणपतीतल्या आरत्या, तेवढंच माझं, त्यात मागून सूर धरणारीच आहे मी. @वाचा_आणि_वाणी खालचे सूर गेले तर मी पेढे वाटीन, पण लांबून हाक मारता येणार नाही हे मात्र माहीत नव्हतं, आमच्या वाड्यात सगळं हाका मारूनच चालतं. बघू. थेरपीची वेळ उद्याच घेते.

पासपोर्ट नवीन नावाचा आहे, सुटले.

ऑफिस आणि आजीचं कोणीच बोललं नाहीत!

रेवा_ठाणे

ऑफिसात "व्होकल कॉर्डचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय" एवढंच. खोटं काहीच नाही त्यात, सर्टिफिकेटवरही तेच येतं. पहिला आठवडा तर पूर्ण गप्प, त्यानंतरही कितीतरी दिवस मोजूनमापून बोलायचं, म्हणून परत आल्यावरही कॉल नसलेलं काम मागून घे. कुजबुजायचं नाही बरं का, लोकांना वाटतं कुजबुज म्हणजे आराम, तसं नाहीये. फोनवर मराठी टाइप केलं की वाचून दाखवणारं ॲप टाक, रिक्षावाल्याशीपण चालतं.

आजीसाठी, माझ्या मैत्रिणीने घरी सांगितलं की इगतपुरीला विपश्यनेला चाललेय. दहा दिवस मौन, फोन आधीच जमा करून घेतात, कोणी शंकाच घेत नाही, उलट सासूने कौतुक केलं.

नाशिकची_मुग्धा

हाहाहा, पण आम्ही नाशिकचे ना, आजी म्हणेल इगतपुरी काय तासाभरावर आहे, रविवारी डबा घेऊन येते. नको. घसा बसलाय सांगते आणि आई रोज व्हिडिओ कॉल लावून देईल, मी मान हलवेन. तसंही आजी मला बोलू कुठे देते.

व्हिसाची फाइल पुढच्या आठवड्यात देतेय, आला की लिहिते. @सोलकढी तो भाताचा डबा किती मिनिटं ठेवायचा?

सोलकढी

दोन. झाकण आधी कोपऱ्यातून थोडं सोलून घे, नाहीतर फुगून फुटतं.