पपईच्या व्हायरसला ‘मायक्रो आरएनए’ची बाटली घ्यावी का? (बजेट ८ हजार)

नवखा_बागायतदार (ता. अंबाजोगाई):
राम राम मंडळी. दोन एकर पपई, तैवान ७८६, १८०० झाडं. वीसेक झाडांची शेंड्याची पानं दोरीसारखी बारीक झालीत, देठावर तेल सांडल्यासारख्या रेघा. दुकानदार म्हणतो रिंगस्पॉट. १४५० ला पाव लिटरची बाटली देतोय, ‘मायक्रो आरएनए तंत्रज्ञान, व्हायरस मुळापासून साफ’. कुणी मारली का? सगळा खर्च आठ हजारांत बसवायचाय.

गेवराईचा_दादा:
पपई मोडा. मी चार लाखांचं शेडनेट टाकून शिमला मिरची केली, व्हायरस फिरकला नाही.

नवखा_बागायतदार:
दादा, आठ हजार म्हणालो मी.

गेवराईचा_दादा:
बँक देते की.

कडबाकुट्टी:
आंबट ताक अन् गोमूत्र, दर आठ दिवसाला. मेव्हण्याची बाग हिरवीगार झाली.

औसेकर:
मेव्हण्याला व्हायरस नसंलच, जस्त कमी पडलं असंल. अन् ७८६ काहून लावली? १५ नंबर लावायची, लांबच्या गाडीत टिकते.

कडबाकुट्टी:
१५ नंबरला गोडी नाही.

औसेकर:
व्यापारी गोडी बघतो का वजन?

परभणीत_शिकलेला:
भाऊ, बाटलीच्या मागं काय लिहिलंय ते टाका आधी.

नवखा_बागायतदार:
फोटो जाईना, लिहितो. समुद्री शेवाळ अर्क, अमिनो आम्ल, इतर.

परभणीत_शिकलेला:
मग ते टॉनिक आहे. मायक्रो आरएनए खरी गोष्ट आहे, २०२४ चं नोबेल त्याच्याच शोधाला मिळालं. आरएनए म्हणजे जनुकातला मजकूर वाहणारी अक्षरांची साखळी. झाडाच्या पेशीत तिचे एकवीसेक अक्षरांचे तुकडे तयार होतात. ज्या आरएनएशी त्यांची अक्षरं जुळतात, तो कापला जातो. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी हे तुकडे व्हायरसवर बसतील असे बदलून मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात घातले. त्यातल्या एका व्हायरसचं हत्यार म्हणजे झाडाची हीच यंत्रणा बंद पाडणारं प्रथिन. नेमक्या त्याच्याच जनुकावर नेम धरला, आणि रोप वाचलं. तुमचा रिंगस्पॉट त्याच व्हायरसच्या कुळातला. पण ते रोपाच्या जनुकात घालावं लागतं, पंपात नाही. फवारायचा आरएनए वेगळा असतो, त्यावर काम चालू आहे. नुसता फवारला तर ऊन-पावसात फार टिकत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात तो मातीच्या बारीक कणांवर बसवून बघितला.

औसेकर:
म्हणजे बीटीच की. बोंडअळीनं बीटीचं काय केलं बघितलंय.

परभणीत_शिकलेला:
बीटी अळीसाठी, हे व्हायरससाठी. हवाईत १९९८ पासून रिंगस्पॉटला दाद न देणारी जीएम, म्हणजे जनुक बदललेली पपई शेतात आहे. तिच्यातही असंच आरएनए कापलं जातं. आपल्याकडं अजून बीटी कापसापुढं गाडी नाही.

गेवराईचा_दादा:
मग एवढं पुराण सांगून उपयोग काय? शेडनेटच बरं.

कळंबची_ताई:
भाऊ, मागच्या साली आमची अर्धी बाग गेली, म्हणून सांगते. मावा पपईवर वस्ती करत नाही. उडता उडता सोंड टोचतो अन् पुढच्या झाडावर जातो, टोचल्या टोचल्या व्हायरस देतो. औषधानं मरंपर्यंत काम झालेलं असतं. आम्ही सहा हजारांची कीटकनाशकं ओतली, उगंच. दिसलेलं झाड त्याच दिवशी उपटा, बाहेर नेऊन गाडा. कडंनं ज्वारी नाहीतर मका दाट पेरा, माव्याची सोंड तिथंच पुसली जाते. शेजारी भोपळा-काकडीचे वेल असतील तर तेही बघा, त्यांनाही हाच रोग होतो. आमच्या बांधावर दुधी होता, कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

कडबाकुट्टी:
मीही तेच म्हणतोय, औषधं नकोत. ताक मारा.

परभणीत_शिकलेला:
ताईंचं ऐका. मक्याचं बी आठ हजारांत बसून उरतं.

नवखा_बागायतदार:
सगळ्यांचे आभार. मका पेरतो. झाडं उपटायला आबा नको म्हणतात, फळ धरलंय. बाटली घेतली. माहितीये टॉनिक आहे, पण ठिबकच्या नळ्या अन् खत त्याच दुकानातून उधारीवर उचललंय, तोडा होईस्तोवर तो थांबणार आहे. नाही म्हणवलं नाही.

कळंबची_ताई:
भाऊ, निदान मोजत जा.

नवखा_बागायतदार:
आज सकाळी मोजली ताई. एकतीस.

औसेकर:
७८६ ला जागेवर काय भाव चालूय तुमच्याकडं?