फ्रिटाटा रात्रीचे पूर्ण जेवण ठरू शकते का?

कढईकर: रात्रीच्या जेवणाला केवळ फ्रिटाटा, म्हणजे भाज्या-चीज घातलेले जाडसर इटालियन ऑम्लेट, केला तर तो पोषणाच्या दृष्टीने पुरेसा ठरेल का? शिवाय ऑम्लेटमध्ये भाज्या जास्त झाल्या की ते उलटताना हमखास मोडते, मग इटलीत फ्रिटाटामध्ये इतके जिन्नस कसे सामावतात?

प्रतिसाद, मीठभाकर: प्रथिनांची काळजी नको. एका मोठ्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे माणशी दोन अंडी आणि २० ग्रॅम किसलेले पार्मेजान चीज धरले तर १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, आणि चीजमुळे कॅल्शियमही चांगले मिळते. ब१२ जीवनसत्त्व आणि कोलीन हे पोषकद्रव्य अंड्यातच आहे. मात्र अंडे आणि चीज या दोहोंत तंतू नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही. ती उणीव आत घातलेल्या भाज्यांनी आणि सोबतच्या कच्च्या कोशिंबिरीने भरून काढावी लागते. पिष्टमय पदार्थही नगण्य असल्याने इटलीत सोबत पाव असतोच. चीज मुळातच खारट असते, म्हणून मीठ हात राखून घालावे.

प्रतिसाद, मंदाग्नी: भाज्या सामावण्याचे खरे कारण आच हे आहे. ऑम्लेट झटपट होते, तर फ्रिटाटा मंद आचेवर सावकाश शिजतो आणि मग ताटलीवर पालथा घालून पुन्हा तव्यात सरकवतात किंवा वरून ओव्हनच्या आचेवर धरतात. दुमडायचा नसल्यामुळे तो जाड असला तरी चालतो. आच वाढवली की अंड्यातील प्रथिने आकसून पाणी सोडतात, आणि झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भोपळ्याच्या जातीची भाजी) किंवा पालक आधी परतून त्यांचे पाणी आटवले नसेल तर तळाशी चक्क रस्सा साचतो! ईशान्य इटलीतील फ्रिऊलीत वसंतातील रानभाज्या घालतात, नेपल्समध्ये उरलेला पास्ता अंड्यात कालवून त्याचा कुरकुरीत फ्रिटाटा करतात. तो गार झाल्यावरही छान लागतो, म्हणूनच ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सहलीच्या डब्यात त्याला मान असतो.

कढईकर: आभार. घरात एकजण अंडे खात नाही, त्यांच्यासाठी काही सोय आहे का?

प्रतिसाद, मंदाग्नी: आहे. नेपल्समध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळासाठी ‘स्कामारो’ नावाचा बिनअंड्याचा फ्रिटाटा करतात. उकडलेली शेवयांसारखी पास्ता ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या) आणि बेदाण्यांसह तेलात दाबून भाजली की तिच्यातील पिष्टानेच वडी धरते. मूळ कृतीत अँचोव्ही मासा असतो, तो वगळावा. प्रथिने मात्र अंड्याइतकी मिळणार नाहीत, तेव्हा सोबत चण्याची उसळ ठेवा.