चर्चच्या बाहेर तारण नाही, मग बाप्तिस्मा न घेतलेल्या आजीचं काय?

प्रश्न:
माझी आजी, आईची आई, मागच्या महिन्यात गेली. बाप्तिस्मा झालेला नव्हता. शेवटचे काही दिवस मी तिच्या उशाशी बसून रोझरी म्हणायचो, ती डोळे मिटून माझ्या बोटांमागून एकेक मणी चाचपत राहायची. परवा प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एकाने मला 1442 चा फ्लॉरेन्सच्या चर्च परिषदेचा उतारा पाठवला, की मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटीर, मरणाआधी कॅथलिक चर्चमध्ये आले नाहीत तर सगळे नरकात, आणि वर म्हणतो हा डॉग्मा आहे, म्हणजे न बदलणारी शिकवण, मान. दुसऱ्याने सांगितलं ते व्हॅटिकन दोनने, म्हणजे 1962-65 च्या चर्च परिषदेने, काढून टाकलंय. काढलं असेल तर शिकवण बदलली म्हणायची, आणि नसेल काढलं तर आजीचं काय? खरंच झोप लागत नाहीये.

उत्तर 1:
आजीबद्दल वाचून वाईट वाटलं. काहीही काढून टाकलेलं नाही, आणि व्हॅटिकन दोनने अचानक नवीन आणलं असंही नाही. सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन 392 मध्ये बाप्तिस्म्याआधीच मेला तेव्हा संत अँब्रोजने त्याच्या बहिणींना धीर दिला की त्याने मागितलं होतं म्हणून त्याला मिळालं. ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये बाप्तिस्मा 'किंवा त्याची इच्छा' असे शब्द घातले. पोप नववा पायस काही उदारमतवादी नव्हता, पण 1863 मध्ये त्यानेच लिहिलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय खरा धर्म कळलाच नाही पण जे देवाचं ऐकून सरळ जगतात ते कृपेने तरू शकतात, आणि त्याच पत्रात चर्चबाहेर तारण नाही हेही आहे.

उत्तर 2:
मी परंपरावादी आहे, तरी वरचं मान्य. पण लोक यातून 'सगळे धर्म सारखेच' असं काढतात त्याला माझा विरोध आहे. अज्ञान कुणाला तारत नाही, तारतो ख्रिस्तच, आणि चर्चमधूनच. व्हॅटिकन दोनच्या लुमेन जेन्सिउम या दस्तऐवजाचा परिच्छेद 14 वाचा, चर्च आवश्यक आहे हे कळूनही जो आत यायला किंवा आत राहायला नकार देतो तो तरणार नाही असं 1964 मध्येच लिहिलंय, ते कुणी सांगत नाही. आणि चर्चबाहेर तारण नाही याचा अगदी कडक अर्थ लावणारे अमेरिकेतले फादर फीनी, त्यांना 1953 मध्ये बहिष्कृत केलं ते आज्ञा मोडली म्हणून, 1972 मध्ये परत घेतलं तेव्हा मत मागे घ्यायला लावलं नाही.

उत्तर 1:
बहिष्काराचं कारण बरोबर. पण फीनींच्याच वादावरचं रोमचं 1949 चं पत्र शिकवणीबद्दलच होतं ना, त्यात स्पष्ट म्हटलंय की चर्चचा प्रत्यक्ष सभासद असणं प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, इच्छेने जोडलेला असला तरी चालतं आणि ती इच्छा नकळतही असू शकते, फक्त तिच्यामागे श्रद्धा आणि प्रेम हवं. ग्रुपमधल्या माणसाने डॉग्मा पाठवला, पण चर्चने त्याचा अर्थ कसा लावला ते पाठवलं नाही, एवढीच माझी तक्रार.

प्रश्नकर्ता:
तुम्हा दोघांचे आभार. म्हणजे ती तरलीच असं कुणी सांगू शकत नाही, पण गेलीच नरकात असंही कुणाला म्हणता येत नाही. मग तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली पवित्र उपासना, करता येईल का? ग्रुपवर नाही म्हणाले.

उत्तर 2:
येते. चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 901, कोणाहीसाठी, जिवंत असो वा मृत, पुरोहित मिस्सा अर्पण करू शकतो, बाप्तिस्म्याची अट नाही. मी माझ्या बाप्तिस्मा न झालेल्या मित्रासाठी दर वर्षी करवून घेतो. फादरांकडे जा आणि आजीचं नाव द्या.